गुडघे, सांधे आणि कातडी : घरोघरच्या दुखण्यांविषयी थोडे

पावसाळा लागला आणि मार्कंडेय नदीकाठच्या शिवारात रोप लावण सुरू झाली की आपल्याकडे दोन तक्रारी हमखास कानावर येतात. एक, "कंबर धरलीया, गुडघं सरळ हुईनात." दुसरी, पायाच्या बोटांच्या बेचक्यात झालेल्या चिखल्यांची. दोन्ही इतक्या नेहमीच्या आहेत की त्यांना कोणी आजार म्हणतच नाही. मंडळाच्या सभासदांपैकी अनेकांनी या विषयावर सोप्या भाषेत काही लिहा असे सांगितले, म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही. सरकारी दवाखान्याच्या औषध खिडकीमागे नोकरीची बरीच वर्षे काढली आहेत. खिडकीतून माणसांचे हात, पाय आणि त्यांनी आधी कुठून काय काय घेतले याच्या चिठ्ठ्या रोज दिसत. त्या अनुभवावर आणि डॉक्टरांकडून शिकलेल्यावर पुढचे लिहिले आहे. तपासणी आणि औषध ठरवणे हे डॉक्टरांचेच काम.

सगळेच 'वात' नसते

आपल्याकडे सांधा दुखला की 'वात झाला' असे एकच नाव मिळते. पण त्या एका नावाखाली निदान तीन-चार वेगळे आजार दडलेले असतात, आणि त्यांचे उपचार एकमेकांपासून फार वेगळे आहेत.

सर्वात जास्त आढळते ती झिजेची गुडघेदुखी. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. वय, वजन, जुनी दुखापत आणि वर्षानुवर्षे उकिडवे बसून केलेले काम यांमुळे ती कूर्चा झिजते. चालताना, जिना चढताना दुखते, बसल्यावर बरे वाटते. सकाळी उठल्यावर सांधा आखडतो, पण दहा-वीस मिनिटांत मोकळा होतो. यावर पहिला उपाय गोळी नव्हे, मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम. खुर्चीवर बसायचे, पाय समोर सरळ करायचा, दहा अंक मोजायचे, खाली घ्यायचा. दोन्ही पायांनी रोज सकाळ-संध्याकाळ. फुकटचा असल्यामुळे यावर कोणाचा विश्वास बसत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. वजन चार-पाच किलो कमी झाले तरी गुडघ्याला फरक कळतो. जमिनीवर मांडी घालण्याऐवजी खुर्ची आणि शक्य असेल तिथे कमोड, एवढ्यानेही अनेकांचे दिवस सुखाचे जातात.

दुसरा प्रकार संधिवाताचा, ज्याला आयुर्वेदात आमवात म्हणतात. हा झिजेचा नव्हे. शरीराची रोगप्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. पुरुषांपेक्षा बायकांत साधारण तिप्पट, आणि पुष्कळदा तिशी ते पन्नाशीत, म्हणजे घर सांभाळण्याच्या ऐन वयात. दोन्ही हातांची बोटे, मनगटे, पायाचे चवडे सुजतात. सकाळी मूठ वळत नाही, आणि हे आखडणे तास-तास टिकते. भाकरी थापता येत नाही, कळशी धरवत नाही, साडीच्या निऱ्या जमत नाहीत. अशी तक्रार सहा आठवड्यांहून जास्त राहिली तर रक्ततपासणी करून संधिवाताच्या तज्ज्ञाला दाखवावेच. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झाले तर सांधे वाकडे होण्यापासून वाचवता येतात. एकदा बोटे वाकली की औषध दुखणे थांबवते, पण बोटे सरळ होत नाहीत.

आपल्या खेड्यांत हे आजार किती आहेत, हे मोजण्याचे मोठे काम मराठी मुलखातच झाले आहे. पुण्याहून सोलापूरला जाताना भिगवण लागते. तिथे 1996 मध्ये पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी केली. 4092 प्रौढांना विचारले, तेव्हा त्यांतल्या 18.2 टक्के लोकांना हाडा-सांध्यांचे दुखणे होते. म्हणजे जवळजवळ पाचातला एक. खरा आमवात मात्र 0.5 टक्के, दोनशे माणसांत एक. बाकी बहुतेक दुखणे झिजेचे, नाहीतर कष्टाने आखडलेल्या स्नायूंचे आणि कंबर-मानेचे. भिगवणच्या जागी काकती, होनगा किंवा निपाणीकडचे एखादे गाव घातले तरी चित्र फार बदलेल असे मला वाटत नाही. निपाणी भागात विडी वळणाऱ्या बायका दिवसभर मान खाली घालून, मांडी घालून, सूप पुढ्यात घेऊन बसतात. त्यांच्या मान-खांद्याच्या दुखण्याला कुठलीही तपासणी 'रोग' दाखवत नाही, म्हणून ते दुखणे खोटे ठरत नाही. दर अर्ध्या तासाने उठून हात वर ताणणे आणि पाठीला भिंतीचा आधार, हे त्यातले खरे औषध. पण हजार विड्यांच्या हिशोबावर मजुरी असलेल्या बाईला दर अर्ध्या तासाने उठ म्हणणे सोपे आहे, तिला ते परवडणे सोपे नाही, हेही खरे.

तिसरा, युरिक ॲसिडचा वातरक्त. बहुधा मध्यरात्री पायाचा अंगठा एकाएकी लालबुंद होऊन असा ठणकतो की चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. यावर चांगली औषधे आहेत. पण नुसत्या रक्ताच्या अहवालात युरिक ॲसिड थोडे वाढले म्हणून, काहीही दुखत नसताना, आयुष्यभराची गोळी बहुतेकांना लागत नाही.

आणि चौथा म्हणजे चिकुनगुन्या. 2006 साल ज्यांना आठवते त्यांना जास्त सांगायला नको. घरेच्या घरे आडवी झाली होती. त्या एका वर्षात कर्नाटकात साडेसात लाखांवर संशयित रुग्णांची नोंद झाली. नावातल्या 'चिकन'मुळे अनेकांनी कोंबडी खाणे सोडले. त्याच वर्षी नवापूरला बर्ड फ्लू आल्याने गोंधळात भर पडली. खरे तर तो शब्द आफ्रिकेतल्या टांझानियाकडचा, वेदनेने वाकून जाणे अशा अर्थाचा. आजार दिवसा चावणाऱ्या एडिस डासामुळे होतो. आपल्या मुलखाला तो नवीनही नव्हता. 1973 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची मोठी साथ येऊन गेली होती, मग तो तीस-बत्तीस वर्षे जणू विसरला गेला. ताप चार-पाच दिवसांत जातो, सांधेदुखी काही जणांत महिनोन्महिने राहते. साथीच्या दिवसांत अंगदुखी-तापाला फक्त पॅरासिटामॉल घ्यावी. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत दुखण्याच्या इतर जोरदार गोळ्या घेऊ नयेत, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

पुडी आणि आठवड्याची गोळी

औषध खिडकीमागे बसून मला ज्या दोन गोष्टींची भीती वाटे त्या इथे स्पष्ट लिहितो.

पहिली, सांधेदुखीची 'जडीबुटीची' पुडी. माझ्या एका मावशीने जत्रेत बसलेल्या माणसाकडून अशी पुडी घेतली. तीन दिवसांत गुडघे मोकळे. तिने शेजारच्या चौघींना सांगितले. वर्षभराने तिचा चेहरा चंद्रासारखा गोल झाला, पोट सुटले, हात-पाय काटक्यांसारखे, कातडीवर बोट लागले तरी निळे डाग, आणि साखर तीनशेच्या पुढे. डॉक्टरांनी पाहताक्षणी ओळखले, पुडीत स्टेरॉईड होते. स्टेरॉईड हे वाईट औषध नव्हे. योग्य वेळी, मोजून दिले तर जीव वाचवते. पण न सांगता, न मोजता वर्षभर पोटात गेले की हाडे पोकळ करते, साखर वाढवते आणि शरीराची स्वतःची ग्रंथी झोपवून टाकते. म्हणून अशी पुडी बरेच दिवस घेत असलेल्या माणसाने भीतीने एकदम बंदही करू नये, त्यानेही जीव धोक्यात येतो. डॉक्टरांना पुडी दाखवावी आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करावी. 'तीन दिवसांत गुण' हीच अशा पुडीची खूण.

दुसरी, मेथोट्रेक्सेट. आमवातावरचे हे मुख्य औषध, स्वस्त आणि गुणकारी. पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. इतर सगळ्या गोळ्या रोजच्या असल्याने म्हातारी माणसे हीसुद्धा रोज घेतात, आणि मग तोंड येते, रक्तातल्या पेशी कोसळतात, प्रसंगी मृत्यू होतो. ज्या घरात ही गोळी आहे तिथे कॅलेंडरवर वार ठरवून गोल करा, आणि गोळ्यांची पट्टी घरातल्या जाणत्या माणसाकडे ठेवा. जोडीला फॉलिक ॲसिड आणि ठराविक काळाने रक्ततपासणी असते, ती चुकवू नये. मूल होऊ द्यायचे असेल त्या बाईने डॉक्टरांना आधी सांगितलेच पाहिजे, या औषधाने गर्भाला अपाय होतो.

मोडलेले हाड आणि बांधलेले हाड

आपल्या भागात हाड बसवणाऱ्यांवर लोकांची श्रद्धा आहे, आणि त्यांतले काही जण हाताचे कसबी असतात हे मी नाकारत नाही. लचक, मुरगळ यांत त्यांच्याकडे गेलेला माणूस बरा होऊन येतो, कारण लचक विश्रांतीने तशीही बरी होते. प्रश्न येतो तो खऱ्या मोडीत, विशेषतः लहान मुलांच्या कोपरात. आमच्या नात्यातला एक आठ वर्षांचा मुलगा आंब्यावरून पडला. कोपर सुजले. बांबूच्या काड्या लावून घट्ट बांधले. रात्रभर पोर रडत होते. 'हाड बसताना दुखतंच' असे म्हणून त्याला गप्प केले. सकाळी बोटे थंड आणि निळसर. दवाखान्यात नेईपर्यंत हाताचे स्नायू मेले होते. आज तो तरुण आहे, शिकला आहे, पण त्या हाताची बोटे वळलेलीच आहेत.

बांधणी कोणीही केलेली असो, हाडवैद्याची असो की दवाखान्यातले प्लॅस्टर असो, बोटे थंड पडली, निळी-पांढरी झाली, बधिर झाली, किंवा दुसऱ्याने बोट हलके सरळ केले तरी पोर किंचाळले, तर सकाळची वाट पाहू नका. रक्तपुरवठा बंद पडलेला स्नायू काही तासांतच मरू लागतो. बांधणी त्याच वेळी सैल करायची आणि रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. सुजलेल्या कोपराला तेल लावून चोळणेही टाळावे, चोळल्याने कधी कधी स्नायूतच हाड तयार होऊन सांधा कायमचा अडकतो.

म्हाताऱ्या माणसांची गोष्ट वेगळी. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडे झपाट्याने विरळ होतात. हे दुखत नाही, कळत नाही. मग एक दिवस न्हाणीघरात पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. 'वय झालंय, आता ऑपरेशन कशाला' असे म्हणून अंथरुणावर ठेवलेले म्हातारे माणूस पडून राहण्याच्या त्रासानेच जाते, छातीत कफ, पाठीला जखमा. खुब्याची मोड शक्यतो एक-दोन दिवसांतच शस्त्रक्रिया करून माणसाला उभे करायचे असते, आणि नव्वदीतल्या आजीलाही ते करता येते. त्याआधी करण्यासारखे म्हणजे न्हाणीघरात धरायला लोखंडी दांडी, रात्री लहान दिवा, आणि ताटात नाचणी. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, गहू-तांदळापेक्षा कितीतरी जास्त. आपल्या आज्या आंबील पीत होत्या, आपण चहा-खारी खातो.

गुडघा बदलण्याविषयी लोक फार विचारतात. व्यायाम, औषध करूनही घरातल्या घरात चालणे अशक्य झाले, रात्रीची झोप मोडली, तेव्हा ही शस्त्रक्रिया माणसाला पुन्हा उभे करते. 2017 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वात प्रचलित कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची किंमत तेव्हा 54,720 रुपये अधिक कर अशी ठरली. बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागण्याचा आपला हक्क आहे. बेळगावात केएलई आणि जिल्हा रुग्णालय आहे, मिरजेला जाण्याची जुनी वहिवाट आहेच. आरोग्य कर्नाटकचे कार्ड असेल तर आधी चौकशी करावी. महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचे ठरवले. त्यावर कर्नाटकाने आक्षेप घेतला, हे आपण वाचले आहे. आजारी माणसाला घेऊन निघण्याआधी कोणता कागद कुठे चालतो हे फोनवर विचारून घ्यावे, दारात गेल्यावर वाद घालण्याची ती वेळ नसते.

कातडीचे : चिखल्या, नायटा, खरूज, काँग्रेस गवत

चिखल्या म्हणजे सतत ओल्या राहिलेल्या बेचक्यात बुरशीने केलेले घर. घरी आल्यावर पाय धुवून बेचके कोरडे पुसणे आणि बुरशीचे साधे मलम दोन-तीन आठवडे लावणे, एवढे पुरते. मधुमेह असलेल्यांनी मात्र हलगर्जी करू नये. त्या भेगेतून जंतू शिरले की एका रात्रीत पाय गुडघ्यापर्यंत लाल होऊन सुजतो.

नायटा पूर्वी दोन-तीन आठवड्यांत बरा होई. गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर तो हट्टी झाला आहे. कारणे दोन. बुरशीची नवी जात पसरली, शास्त्रज्ञांनी 2020 मध्ये तिला भारतावरूनच 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' हे नाव दिले, आणि नेहमीच्या गोळीला ती पुष्कळदा दाद देत नाही. दुसरे कारण आपणच. दुकानातून वीस-तीस रुपयांची जी 'खाजेची ट्यूब' आणतो तिच्यात बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि तीव्र स्टेरॉईड एकत्र असते. खाज एका दिवसात थांबते, बुरशी मात्र आत वाढत राहते. ट्यूब थांबवली की दुप्पट चट्टे. जांघेतली कातडी पातळ होऊन फाटल्यासारखे पट्टे पडतात, ते पुन्हा जात नाहीत. 2018 मध्ये सरकारने अशी 14 स्टेरॉईड मलमे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. नियम आहे, ट्यूबही मिळते. ट्यूबच्या मागे बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असे नाव दिसले तर नायट्याला ती लावू नका. बुरशीचे औषध चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस लावायचे, टॉवेल आणि आतले कपडे वेगळे, आणि घरात ज्याला ज्याला आहे त्या सगळ्यांचे उपचार एकाच वेळी.

खरजेचेही तसेच. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती पुरळ, आणि घरात एकाहून जास्त जणांना. परमेथ्रिनचे मलम मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा, रात्रभर, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज नसलेल्यांनीही. आठवड्याने पुन्हा एकदा. तान्ही मुले आणि गरोदर बायकांसाठी आधी विचारावे. किडे मेल्यावरही खाज दोन-तीन आठवडे रेंगाळते. तेवढ्यावरून औषध लागू पडले नाही असे समजू नये.

बांधावरचे काँग्रेस गवत, म्हणजे गाजर गवत. 1950 च्या दशकात ते पहिल्यांदा पुण्यात नजरेस आले. अमेरिकेतल्या गव्हाबरोबर आले असे सांगतात. त्याने होणाऱ्या कातडीच्या आजाराकडे वैद्यकीय जगाचे लक्ष वेधले तेही पुण्याच्या डॉ. अरविंद लोणकर यांनी, 1974 च्या सुमारास. पापण्या, मान, कोपराचे आतले वळण, म्हणजे उघडी राहणारी आणि घामाची जागा काळी-जाड होऊन खाजते. कधी कधी वर्षानुवर्षे इसब म्हणून उपचार चालतात आणि गवत अंगणातच असते. फुले येण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटावे. फुलोऱ्यात आलेले पेटवू नये. ज्याला आधीच हा त्रास आहे त्याने उपटायला जाऊच नये.

न खाजणारा चट्टा

शेवटी एक गोष्ट, जी घरात बोलायला लोक कचरतात. कातडीवर फिकट किंवा तांबूस चट्टा आहे, तो खाजत नाही, दुखत नाही, आणि तिथे कापसाचा स्पर्श किंवा गरम-थंड कळत नाही, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. नायटा समजून मलम लावत बसलेल्यांत यातले काही निघतात. न खाजण्यानेच तो फसवतो. या रोगाचे जंतू कातडीबरोबर नसांवर बसतात. बधिर झालेल्या हाताला चुलीचा चटका कळत नाही, जखम होते, ती हाडापर्यंत जाते, आणि बोटे झिजतात. म्हणजे बोटे रोगाने गळत नाहीत, न कळलेल्या जखमांनी जातात. वेळेवर औषध घेतले तर यातले काहीच होत नाही.

औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. महिन्या-महिन्याचे पाकीट असते, आजाराच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा वर्षभर. पहिल्या काही डोसांनंतर रोग दुसऱ्याला लागण्याजोगा राहत नाही. घरातच राहायचे, त्याच ताटात जेवायचे, कामावर जायचे. बाबा आमटे यांनी 1949 मध्ये आनंदवन उभे करायला घेतले तेव्हा ही औषधांची जोडी नव्हती, म्हणून वेगळी वसाहत लागली. आपल्याजवळ हिंडलग्याचे कुष्ठरुग्णालयही त्या जुन्या काळाचीच आठवण देते. 2019 मध्ये संसदेने कायदा बदलून कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून काढून टाकले.

पांढरे कोड ही मात्र पूर्ण वेगळी गोष्ट. त्यात रंग तयार करणाऱ्या पेशी जातात आणि डाग दुधासारखा पांढरा होतो, पण स्पर्श शाबूत असतो. ते लागत नाही, त्याने अंगात दुसरे काही बिघडत नाही, आणि लहान डागांवर लवकर उपचार केले तर रंग पुष्कळदा परत येतो. आमच्या औषध खिडकीवर एक मुलगी पदर ओढून यायची आणि 'त्या मलमाची' चिठ्ठी उलटी करून द्यायची. तिचे स्थळ तीनदा मोडले होते. चौथ्या वेळी तिने पाहुण्यांसमोर स्वतःच बाही वर केली. ते लग्न झाले, आणि पुढे ती मलम न्यायला यायची तेव्हा चिठ्ठी सरळ असायची.